होडीचा नांगर आणि त्याचा रहाट

श्रोतेहो, नांगर म्हटला की आपल्याकडे आधी शेत आठवते. पण होडी जागच्या जागी धरणाऱ्या लोखंडी आकड्यालाही मराठीत नांगरच म्हणतात, आणि ते नाव मोठे चपखल आहे. हा नांगर नुसत्या वजनाने होडी धरत नाही. त्याला आडवी ओढ बसली की फाळ चिखलात शिरतो. सरळ वरून ओढ बसली की तोच फाळ उखडतो.

तुम्ही म्हणाल, नंदुरबारला समुद्र कुठे आहे? खरे आहे. पण सरदार सरोवराचे पाणी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत शिरले आहे, आणि नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना बोट हीच वाट झाली आहे. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, भुषा येथे बोट उलटून मुले बुडाली. तिथे प्रश्न नांगराचा नव्हता. पण पाण्यावरची साधने आता आपल्यालाही समजून घेतली पाहिजेत.

ओढ आडवी बसायची तर दोर लांब हवा. पाणी ६ मीटर खोल आणि होडीचे नाक पाण्यापासून १ मीटर उंच असेल, तर मोजायचे ७ मीटर. त्याच्या निदान पाचपट, म्हणजे ३५ मीटर दोर सोडावा. वारा असेल तर सातपट. नांगराजवळ काही मीटर साखळी जोडली म्हणजे ती तळाशी पडून राहते व ओढ आडवी ठेवते. मधल्या खोल दरीत एवढा दोर पुरणार कसा? म्हणून नांगर टाकायचा तो काठाजवळच्या उथळ पाण्यात.

हे सारे वर ओढायला रहाट. तत्त्व विहिरीवरच्या दांड्याच्या रहाटाचेच. लाटेची त्रिज्या ६ सेंटिमीटर व दांडा ३६ सेंटिमीटर असेल तर जोर सहापट होतो. थोडा घर्षणात जातो. शिक्षकबंधूंनी हे वर्गात लाटणे आणि दोरी घेऊन जरूर दाखवावे. मुलांना तरफ फळ्यावरपेक्षा अशी लवकर कळते.

मग रहाट केवढा घ्यावा? नांगर १० किलोचा आणि साखळी १५ किलोची असेल, तर एकूण २५ किलो. त्याच्या तिप्पट, म्हणजे ७५ किलो ओढण्याची ताकद रहाटात असावी. तोरणमाळच्या यशवंत तलावातल्या लहान होडीला याची गरजच नाही, तिथे हात पुरे. पण मोठ्या सहलीच्या बोटीला रहाट हवा, आणि साखळीची कडी त्याच्या चाकाच्या खाचांत नेमकी बसते की नाही, हे विकत घेण्याआधीच फिरवून पाहावे. कडी बसली नाही तर साखळी घसरते, आणि घसरती साखळी बोटे घेऊन जाते. धोतराचा सोगा आणि साडीचा पदर तिच्यापासून दूर ठेवा. विजेवरचा रहाट चांगला, पण १२ व्होल्टच्या बॅटरीवर १००० वॉटला ८० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. तारा जाड हव्यात, आणि तो फिरताना इंजिन चालू असावे.

आता मुख्य गोष्ट. रहाट नांगर उचलण्यासाठी आहे, होडी धरून ठेवण्यासाठी नाही. नांगर रुतला की दोर नाकावरच्या भक्कम खुंट्याला बांधा आणि रहाटावरचा ताण काढून घ्या. नाहीतर लाटेचा प्रत्येक हिसका त्याच्या दात्यांवर बसतो. उचलतानाही रहाटाने होडी ओढत न्यायची नाही. इंजिनावर हळूहळू नांगराच्या डोक्यावर यायचे, सैल पडलेला दोर तेवढा गुंडाळत राहायचे, आणि दोर उभा झाला की मग उचलायचे.

आपल्या सरोवराच्या तळाशी मात्र बुडालेली झाडे आहेत. नांगर त्यांच्या मुळांत अडकू शकतो. अशा वेळी रहाटाशी झुंजू नये. त्यापेक्षा नांगर टाकतानाच त्याच्या फाळाकडच्या बाजूला दुसरी बारीक पण मजबूत दोरी बांधावी आणि तिचे वरचे टोक रिकाम्या डब्याला बांधून तरंगत सोडावे. अडकलाच तर डब्यापाशी जाऊन त्या दोरीने फाळ उलटा ओढायचा. बहुधा सुटतो. नाहीच सुटला, तर दोर कापायला कोयता हाताशी असू द्या.