वऱ्हाडातील तरुण आणि जगाची ओळख

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव चढला आणि युद्ध संपल्यावर तो कोसळला. म्हणजे अमरावती-अकोल्याचा जगाशी संबंध जुनाच आहे, मात्र त्यात गाठी परदेशी गेल्या आणि माणसे गावीच राहिली. शिक्षणशास्त्रात जिला आंतरसांस्कृतिक क्षमता म्हणतात, म्हणजे स्वत्व न सोडता परक्या रीतीभातींच्या माणसांबरोबर समजुतीने राहण्याची व काम करण्याची तयारी, ती अशा व्यापारातून आपोआप येत नाही.

ही तयारी कशी घडते हे अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे 1898 साली जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी नेमके ओळखले होते. शेतकरी कुटुंबातील या तरुणाने विलायतेत जाऊन बॅरिस्टरची पदवी मिळवली आणि वैदिक वाङ्मयातील धर्मावर संशोधनही केले. परतल्यावर अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या, बहुतेक खेड्यांतून आलेल्या मुलांना एका छपराखाली ठेवले व एका पंक्तीला जेवू घातले. ज्याला शेजारच्या मुलाच्या ताटाला ताट लावून बसता येत नाही, त्याला लंडनमध्ये मोकळेपणाने वावरता येणे कठीण, आणि म्हणूनच छात्रालयातील ती पंगत हे पुस्तकी धड्याहून मोठे शिक्षण होते.

वैद्य बंधूंनी 1914 साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दुसरी वाट दाखवली. मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक केले. दम न सोडता प्रतिपक्षाच्या अंगणात शिरून गडी बाद करायचे आणि त्याच दमात परतायचे, हा खेळ पाहताना भाषेची अडचण येण्याचे कारणच नव्हते. आपले उत्तम ते आत्मविश्वासाने इतरांपुढे मांडता येणे हाही या क्षमतेचाच भाग आहे.

आज इंग्रजी संभाषणाच्या वर्गांवर पालक मोठा खर्च करतात. त्याने बोलणे सुधारते, पण ऐकून घेण्याची सवय लागतेच असे नाही. मेळघाटातील कोरकू भाषा मराठीहून सर्वस्वी वेगळ्या, मुंडा कुळातील असल्याने धारणीहून अमरावतीला शिकायला येणारी कोरकू मुलगी भाषेची फार मोठी सीमा ओलांडत असते, आणि तिच्या मराठी वर्गमैत्रिणींना मात्र तिच्या भाषेतील चार शब्दही क्वचितच ठाऊक असतात. वसतिगृहात खोल्या देताना मेळघाटातील, अकोल्यातील आणि परप्रांतातील विद्यार्थी एकत्र राहतील अशी वाटणी करणे कोणत्याही महाविद्यालयाला येत्या सत्रापासून जमण्यासारखे आहे.