तोंडावर बोलणं आणि आडून बोलणं

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी चिठ्ठी दिली होती. त्यात एकच प्रश्न होता : ‘सर, मतभेद असेल तर तोंडावर बोलावं की आडून सुचवावं?’ त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज त्या चिठ्ठीवरच बोलतो.

या विषयावर एक तयार मांडणी आहे. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ सालच्या पुस्तकात ती केली. काही समाजांत शब्दांपेक्षा संदर्भ जास्त बोलतो, काहींत सगळं शब्दांतच सांगावं लागतं. जपान, चीन पहिल्या बाजूला. जर्मन, स्विस दुसऱ्या. मांडणी उपयोगाची आहे, मी ती वर्गात शिकवलीही आहे. पण पुढे तिचं सार काढता काढता एवढंच उरलं की पाश्चात्त्य माणूस स्पष्ट बोलतो आणि आपला माणूस ‘नाही’ म्हणत नाही. आणि आपणही ते मुकाट्याने मान्य केलं.

हे खरं आहे का, जरा तपासू. पॉल ग्राइस हा इंग्रज तत्त्वज्ञ. त्याचं एक उदाहरण आमच्या विषयात फार प्रसिद्ध आहे. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी एका विद्यार्थ्याचं शिफारसपत्र मागितलं जातं. प्राध्यापक लिहितात : याचं इंग्रजी उत्तम आहे, वर्गातली हजेरी नियमित आहे. बस्स, पत्र संपलं. न लिहिता काय लिहिलं, ते तुम्हांला कळलंच! यापेक्षा आडून बोलणं ते काय असतं?

आता इकडे या. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेब हजारोंच्या समुदायासह चवदार तळ्यावर गेले आणि उघडपणे पाणी प्याले. सूचकतेला तिथे काही जागा होती का? १९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडण्याआधी व्हाइसरॉयला पत्र लिहून तसं कळवलं. विरोधकाला आपला बेत आधी सांगायचा, याहून सरळ काय असू शकतं? तेव्हा ‘आपली संस्कृती आडवळणाची’ हे विधान मला टिकणारं वाटत नाही. आपल्याकडे दोन्ही आहे. कोणी, कुणाशी, कोणत्या जागी बोलायचं, त्यावर ते ठरतं.

आडून बोलणं म्हणजे भित्रेपणा, असंही समजू नका. गाथासप्तशती ही आपल्या गोदाकाठची, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातली एक गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात व्यंजनेचं उदाहरण म्हणून घेतली. एक धार्मिक गृहस्थ फुलं वेचायला रोज नदीकाठच्या झुडपांत येतो आणि तिथे प्रियकराला भेटणाऱ्या स्त्रीची अडचण होते. ती म्हणते, आता खुशाल फिरा, तुम्ही ज्याला भीत होता ते कुत्रं मेलं. त्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं! शब्द म्हणतात ‘या’, अर्थ होतो ‘पाऊल टाकू नका’. भांडण नाही, अपमान नाही, काम झालं.

आणि उद्योगपर्वातला कृष्ण पाहा. कौरवांच्या भर सभेत तो काय सांगायचं ते सांगतो. पण त्याच फेरीत, परत निघताना, कर्णाला रथात घेतो आणि त्याच्या जन्माची गोष्ट एकांतात सांगतो. तीच गोष्ट सभेत सांगितली असती तर? कर्णाने ऐकलं नाही, हे खरं. पण त्याला नकार देता आला तो मान राखून.

इथपर्यंत सगळं पुस्तकातलं झालं. आता थोडं घरचं बोलतो, कारण नाहीतर ही सगळी पोपटपंची.

वडील मृत्युपत्र न करता गेले. गावचं घर त्यांनी स्वतः बांधलेलं. आम्ही दोघे भाऊ आणि थोरली ताई. आई आधीच गेलेली. वडिलोपार्जित मालमत्तेतल्या मुलींच्या हक्काची चर्चा २००५ च्या दुरुस्तीनंतर फार झाली, पण वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात १९५६ च्या कायद्यानेच मुलीचा वाटा मुलाइतका आहे. मला हे ठाऊक होतं. तरी घरातले वडीलधारे म्हणाले, ‘ताई काही मागणार नाही,’ आणि हक्कसोडपत्राचा कागद तयार झाला. तिला विचारलं कोणी नाही. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात, सही करायच्या आधी, ती मला एवढंच म्हणाली, ‘परसातल्या आंब्याला यंदा मोहोर चांगला आलाय, नाही रे?’

मी ‘हो’ म्हणालो. व्यंजना शिकवणारा मी!

बऱ्याच वर्षांनी एकदा फोनवर ती सरळ बोलली. ‘तुम्ही मला विचारलं नाहीत.’ माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? मला राग आला. मी म्हणालो, ‘ताई, असं तोंडावर बोलायची आपल्या घरात पद्धत नाही.’ फोन ठेवल्यावर ते वाक्य मलाच खटकायला लागलं. पद्धत कुणाची? मी आणि धाकटा तर वाटणीवरून तावातावाने भांडलो होतो, तेव्हा ती पद्धत कुठे गेली होती? म्हणजे गप्प बसण्याची पद्धत फक्त ताईसाठी होती, आणि घर मात्र आम्हां दोघांना मिळालं होतं. ‘आपल्याकडे असं बोलत नाहीत’ हे वाक्य जिथे ऐकाल, तिथे विचारा, हे न बोलण्याचा फायदा कुणाला होतोय?

पुढे ताईशी मी समोर बसून बोललो. चूक कबूल केली, फिरवाफिरव केली नाही. धाकट्याशी मात्र तसं जमलं नसतं. तो तापट, चारचौघांत बोललो असतो तर कायमचा तुटला असता. तिथे मी वहिनींमार्फत विषय काढला. बाई शहाण्या. त्यांनी दोन महिने घेतले आणि मग एका दुपारी आम्ही तिघं भावंडं परसात बसलो. मी माझ्या हिश्श्यातून बक्षीसपत्र करून दिलं. धाकट्याने अजून दिलेलं नाही. पण आता तो ‘ताई मागणार नाही’ असं म्हणत नाही, ‘मला देणं जड जातंय’ असं म्हणतो. गेल्या मे महिन्यात ताईने तिच्या वाट्याच्या आंब्याची एक पेटी त्याच्याकडे पाठवली. त्यात काय सुचवायचं होतं, ते मी तिला विचारलेलं नाही.