दिवा लागतो, पण तिसरी तार आहे का?

यंदा जूनमध्ये तुरीच्या बियाण्याची उगवण पाहायला एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. घर जुने, माळवदाचे. चहा झाल्यावर मालक हसत म्हणाले, "साहेब, आमच्या आईचं जरा ऐका. ट्यूबची पट्टी पुसताना हाताला मुंग्या येतात म्हणते. वय झालं, दुसरं काय."

"वय झालं ते हाताला, भिंतीला नाही," आजी आतून म्हणाल्या. "फडकं ओलं असलं की जास्त येतात."

मी वायरमन नव्हे, शेतकीचा पदवीधर. पण विहिरीवरच्या मोटारीला अर्थिंग करा, हे सांगत उभी नोकरी गेली. मान वर करून पाहिले. भिंतीवर सागाची पट्टी आणि तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांत बसवलेल्या वायरी दोनच. तिसरी कुठेच नव्हती. आजींचे म्हणणे खरे होते.

हे एका घरचे गाऱ्हाणे नाही. आपल्याकडे राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत बहुतेक खेड्यांत तारा पोचल्या. तेव्हा घरात वीज घेणे म्हणजे ओसरीत एक दिवा आणि स्वयंपाकघरात एक दिवा. काळा बॅकेलाइटचा होल्डर, त्यात बल्ब. हात लागेल असे धातूचे काही नव्हतेच, म्हणून अर्थाची तार नेली नाही तरी कुणाचे अडले नाही. पुढे त्याच दोन तारांवर पत्र्याची ट्यूबपट्टी आली, छताचा पंखा आला, लोखंडी खोक्याचा बोर्ड आला आणि उन्हाळ्यात त्याच बोर्डाच्या प्लगवर कूलर आला. भार वाढला, तार मात्र वाढली नाही.

बिघाड कसा होतो ते समजून घ्या. ट्यूबच्या चोकचे आवरण जुने होऊन फेजची तार पट्टीला टेकली, तर सगळी पट्टी २३० व्होल्टची होते. अर्थाची तार असती तर प्रवाह तिच्यातून जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता आणि दिवा विझून घरच्यांना बिघाड कळला असता. तार नसेल तर काहीच होत नाही. दिवा लागतो, फ्यूज शाबूत राहतो आणि पट्टी वाट पाहत बसते. सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून कुणी हात लावला, की प्रवाहाला वाट मिळते ती त्या माणसाच्या अंगातून. ३० मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह थोडा वेळ अंगातून वाहिला, तरी जिवावर बेतू शकते. दिव्याचा फ्यूज असतो ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. तो तारा जळू नयेत म्हणून असतो. माणूस वाचवणे त्याच्या हिशेबातच नाही.

आता आपल्या घरात पाहायचे कसे? आधी काही उघडू नका, नुसते पाहा. मीटरच्या बोर्डापासून जमिनीत गेलेली जाड जी.आय. तार आहे का? असेल तर ती खड्ड्यापाशी जोडलेली आहे, की गंजून तुटली आहे? पुष्कळ ठिकाणी तार भिंतीवरून झोकात उतरते आणि मातीपाशी संपते. मग घरात या. पट्टीवरच्या वायरिंगमध्ये दोन वायरींच्या शेजारी उघडी तांब्याची किंवा हिरवी वायर दिसते का, आणि दिसली तर ती कुठपर्यंत जाते, ते पाहा. खरी गोम इथे असते. तीन पिनच्या प्लगसाठी म्हणून बोर्डापर्यंत अर्थ आणलेला असतो, पण तिथून दिव्याकडे आणि पंख्याकडे दोनच वायरी गेलेल्या असतात. बोर्डात अर्थ आहे म्हणून दिव्यालाही आहे, असे धरू नका. पाइपातून वायरिंग असेल तर बाहेरून काही कळत नाही. मेन स्विच बंद करून वायरमनकडून प्रत्येक बोर्ड आणि छतावरचा प्रत्येक पॉइंट उघडून घ्यावा लागतो. त्या वेळी शेजारी उभे राहा.

तीन पिनच्या सॉकेटमधले वरचे मोठे भोक अर्थाचे. त्याच्यामागे तार नसली तर निदान कळते तरी. त्याहून वाईट म्हणजे त्या पिनेपासून न्यूट्रलला एक तुकडा जोडून दिलेला असतो. टेस्ट लॅम्प लावला तर छान उजळतो आणि वायरमन म्हणतो, अर्थिंग आहे. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटली, की त्या प्लगवरच्या कूलरच्या पत्र्यात सरळ वीज येते. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढायला सांगा. टेस्टरच्या भरवशावरही राहू नका. तो फेज दाखवतो, अर्थ आहे की नाही ते सांगत नाही. आणखी एक, बटण फेजच्या तारेवर आहे ना, हेही पाहून घ्या. ते न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते.

तार आहे एवढ्यानेही भागत नाही. खड्ड्याचा रोध १० ओहम असेल तर बिघाडाच्या वेळी वीसेक अँपिअर वाहतात आणि ५ अँपिअरचा फ्यूज उडतो. एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडून रोध १०० ओहमवर गेला, तर सव्वादोन अँपिअरच वाहतात. फ्यूज तसाच राहतो आणि पत्रा गरम, म्हणजे विजेने भारलेला. मोटारीच्या खड्ड्यात तुम्ही आठवणीने पाणी ओतता. घरचा खड्डा कुठे आहे हे विचारले, तर निम्म्या घरांत एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात! रोध मापायचे यंत्र परवानाधारक ठेकेदाराकडे असते. आकडा विचारून मीटरच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

सगळे वायरिंग एकदम बदलणे खरीपाच्या तोंडावर कुणालाच जमत नाही, हे मी जाणतो. म्हणून माझ्या मते क्रम असा ठेवा. ज्या दिव्याला अर्थ नाही तिथे पत्र्याची पट्टी, पितळी होल्डर, लग्नासाठी आणलेले लोखंडी झुंबर काहीही टांगू नका. प्लॅस्टिकच्या अंगाचा एलईडी दिवा लावा. ज्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याला अर्थाची गरज नसते. कूलर त्या बोर्डावरून काढा. मग मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवून घ्या. अर्थ नसेल तर ती हात लागल्यावरच पडते, म्हणजे झटका बसतोच, पण वीज क्षणाच्या आत तुटते. ती अर्थाच्या ऐवजी नाही, अर्थ होईपर्यंतचा आणि झाल्यावरचाही पहारेकरी आहे. तिचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. सारखी पडते म्हणून काढून टाकणारे मला भेटले आहेत. ती पडते, कारण कुठेतरी वीज गळते. पैसा हातात आला की अडीच मीटर लांबीचा जी.आय. पाइप पुरून खड्डा करा आणि तिथून प्रत्येक दिव्यापर्यंत, पंख्यापर्यंत हिरवी तार न्या. नळाच्या पाइपला अर्थ जोडू नका. त्यात आता कुठे प्लॅस्टिकचा तुकडा बसला आहे ते कुणाला ठाऊक?

त्या घरी पत्र्याची पट्टी त्याच संध्याकाळी उतरवली. आर.सी.सी.बी. पोळ्याआधी बसली. हिरव्या तारेचे काम तुरीचे पैसे आल्यावर करायचे ठरले आहे. आजी नवी पट्टी मात्र अजून एकट्याने पुसत नाहीत. नातू शाळेतून आला, की आधी त्याला मेन बंद करायला लावतात.