हरणाऱ्या गुरूची परंपरा

बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ १८९८ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस विद्यापीठात आले आणि तिथल्या पुरुष संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. गंमत अशी, की विजयांपेक्षा पराभव जास्त (५५ विजय, ६० पराभव) असलेले ते या संघाचे आजवरचे एकमेव प्रशिक्षक! खेळ शोधणारा तो जिंकवेलच असं थोडंच आहे?

जिंकण्याची सवय लावली ती त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांनी. त्यांच्या हाताखाली खेळलेले अडॉल्फ रप आणि डीन स्मिथ पुढे अनुक्रमे केंटकी आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांचे नामांकित प्रशिक्षक झाले. म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धीही याच घराण्याचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन (एनसीएए) स्पर्धेच्या १९५७ च्या अंतिम सामन्यात कॅन्ससकडे विल्ट चेंबरलेनसारखा उंचापुरा खेळाडू असूनही नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना तीन जादा डावांनंतर एका गुणाने हरवलं. त्याच संघाला २०२२ च्या अंतिम सामन्यात कॅन्ससने १६ गुणांची पिछाडी भरून काढत ७२-६९ असं नमवलं.

कॅन्ससची एनसीएए विजेतेपदं : १९५२, १९८८, २००८, २०२२.
घरचं मैदान : ॲलन फील्डहाउस, १९५५ पासून. नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये लिहिलेले मूळ १३ नियम शेजारच्याच इमारतीत पाहायला मिळतात.