सुई टोचण्याआधीचा तास

"गप्प जेव, नाहीतर सिस्टर येऊन सुई टोचेल." जेवताना कुरकुर करणाऱ्या पोराला हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकवलं जातं. मग कधीतरी तेच पोर तापाने फणफणत बालविभागात भरती होतं आणि सिस्टर खाटेजवळ आली की किंचाळायला लागतं. तिने अजून हातही लावलेला नसतो. आपण पेरलेली भीती आधी तिला काढावी लागते, शीर शोधणं त्यानंतर.

ही भीती काढणं आपण स्वभावावर सोडून देतो. "त्या सिस्टर फार प्रेमळ आहेत हो," असं म्हणतो. माया हवीच. पण मुलाला कमी दुखावं, ते कमी भ्यावं, यासाठी नेमकं काय करायचं याचं आज शास्त्र आहे. ते शिकावं लागतं, शिकवावं लागतं, आणि तापाच्या आकड्याइतकीच त्याची नोंद केसपेपरवर व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

हे शास्त्र फार जुनं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत आईबापांना आपल्या मुलाला आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटता येई. ते येऊन गेले की मुलं रडतात, वॉर्डाची शिस्त बिघडते, हे त्यामागचं कारण. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी एक लघुपट केला. दोन वर्षांची एक मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस आईवाचून रुग्णालयात राहते, एवढीच त्यातली गोष्ट. ती मुलगी फारसं रडत नाही. वॉर्डात जे मूल 'रुळलं' असं समजलं जाई, ते खरं तर आशा सोडून गप्प झालेलं असतं, हे त्या लघुपटाने दाखवलं. तो पाहून कित्येक डॉक्टर आणि परिचारिका चिडल्या. तरी १९५९ मध्ये तिथल्या प्लॅट समितीने स्पष्ट शिफारस केली, की आईबापांना केव्हाही भेटू द्यावं आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावं.

आपल्या वॉर्डात आई बहुधा खाटेवरच असते, आजी बाहेर व्हरांड्यात पिशव्या सांभाळत. पण सलाईन लावायची वेळ आली की त्या आईला काय सांगितलं जातं? "घट्ट धरा." मूल आडवं, एकाने पाय दाबलेले, आईने खांदे. त्या क्षणी मुलाच्या दृष्टीने आईसुद्धा टोचणाऱ्यांच्या बाजूला गेलेली असते. प्रशिक्षित परिचारिका हेच काम वेगळ्या तऱ्हेने करते. मूल आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवलेलं. एक हात आईच्या काखेतून मागे काढलेला. हात हलत नाही, आणि मुलाला मिठी सोडावी लागत नाही.

"मुंगी चावल्यासारखं होईल" हे वाक्यही सोडून द्यायला हवं. एकदा फसलेलं मूल पुढच्या खेपेला कुणावरच विश्वास ठेवत नाही. लसीकरणाच्या वेदनेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सूचना दिल्या. त्यांत खोटा दिलासा देऊ नका, हेही आहे. बाळाला टोचताना अंगावर पाजत ठेवा, एकाच दिवशी अनेक लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्या, हेही त्यातच आहे. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

तान्ह्या बाळाला वेदना कळत नाही, असा समज वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ होता. नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया जुजबी भुलीवर व्हायच्या. इंदूरला एमबीबीएस करून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की पुरेसं वेदनाशामक मिळालेली बाळं शस्त्रक्रिया अधिक चांगली सोसतात.

थोड्या मोठ्या मुलांची अडचण निराळी. दुखतं, पण किती ते सांगता येत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात, भाजलेल्या मुलांच्या विभागात डोना वाँग ही परिचारिका आणि कॉनी बेकर ही मुलांना रुग्णालयात धीर देणारी तिची सहकारी यांनी मुलांच्याच हाती कागद दिला. मुलांनी चेहरे काढले. त्यातून हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी तयार झाली. ० ते १० अशी ही पट्टी आज जगभर वापरतात. चेहरा मुलाने निवडायचा, सिस्टरने मुलाकडे बघून अंदाज करायचा नाही. शेवटच्या चेहऱ्यावर अश्रू आहेत, पण तो निवडायला रडत असण्याची गरज नाही, हे मुलाला मुद्दाम सांगतात. निमूट सोसणाऱ्या, "शहाणं बाळ" म्हणून कौतुक झालेल्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे.

मुलाइतकंच घरच्यांनाही सावरावं लागतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेपलीकडे आणि आईबाप बाहेर बाकावर, हे दृश्य आपल्या परिचयाचं आहे. दिल्लीच्या डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयाने आईबापांना नवजात कक्षात आत घ्यायला सुरुवात केली. हात धुणं, गाऊन घालणं, बोंडल्याने दूध पाजणं, बाळाला उघड्या छातीशी धरणं हे सगळं परिचारिका त्यांना शिकवू लागल्या. २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्यावर देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बापालाही काम मिळतं. एरवी तो औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत असतो आणि बाळाबद्दल त्याच्याशी कुणी धड बोलत नाही.

मुंबईत परळच्या वाडिया किंवा टाटा रुग्णालयात बिहारहून, बंगालहून मुलं येतात. केरळातून आलेली सिस्टर मोडक्या हिंदीत त्यांच्या आईला केमोथेरपीनंतर ताप आला तर काय करायचं ते समजावते. ते आईला नीट कळलं की नाही, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

पण या सगळ्याला वेळ लागतो. त्वचा बधिर करणारं मलम लावून तासभर थांबावं लागतं, तेव्हा सुई कमी दुखते. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात दोनच सिस्टर असतील तर तो तास कुठून आणायचा? टोचण्याची कामं खाटेवर न करता शेजारच्या खोलीत करावीत, म्हणजे खाट तरी मुलाला सुरक्षित वाटते, हेही त्यांना ठाऊक असतं. मुलाला तिथवर न्यायला माणूस नसतो. परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरा, ही मागणी त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यांच्या संपाची बातमी आली की आपण रुग्णांच्या हालांबद्दल बोलतो. ती मागणी मुलांच्या आईबापांनी, शहरातल्या नगरसेवकांपासून आमदारांपर्यंत, स्वतःची म्हणून मांडायला हवी.