सुई न दाखवता व्यसन कसं दाखवायचं? एका फोटोमालिकेची आखणी



सिनॉप्सिस लिहिताना बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडतं. विषय ठरलेला असतो, प्रश्न ठरलेला नसतो. 'व्यसन' हा झाला विषय. त्यातलं नेमकं काय बघायचं, कशाच्या तुलनेत बघायचं आणि त्यात कुणाला त्रास तर होणार नाही ना, हे ठरलं की मग संशोधन सुरू होतं. आज हेच जरा वेगळ्या उदाहरणातून बघू. समजा, एक गाणं ऐकून तुम्हाला व्यसनावर फोटोमालिका करावीशी वाटली. खरे प्रसंग टिपायचे नाहीत, कलाकार घेऊन दृश्यं रचायची आहेत. तर आखणी कशी कराल?

गाण्यातून प्रश्न काढा

उदाहरणासाठी कॅनडात जन्मलेल्या नील यंगचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' हे गाणं घेऊ. ३० जानेवारी १९७१ ला लॉस एंजेलिसमधल्या एका कार्यक्रमात ते रेकॉर्ड झालं आणि १९७२ च्या 'हार्वेस्ट' या अल्बममध्ये आलं. यंगचा सहकारी, 'क्रेझी हॉर्स' बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन हेरॉइनच्या आहारी गेला होता, ही त्यामागची पार्श्वभूमी. अल्बम आला त्याच वर्षी, १८ नोव्हेंबरला व्हिटन वारला. वय फक्त २९.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. शीर्षकातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सुई आणि तिने केलेलं नुकसान. आपल्या भाषेत सांगायचं तर एक संकेत आणि दुसरा परिणाम. शिवाय सांगणारा स्वतः व्यसनी नाही, तो जवळून बघणारा आहे. म्हणून आपला प्रश्न असा: सुई अजिबात न दाखवता, जवळच्या माणसाला दिसणारं नुकसान फोटोत दाखवता येईल का?

सुई का वगळायची?

ही काही सोवळेपणाची गोष्ट नाही. व्यसनात मेंदू पदार्थासोबत त्याच्या आजूबाजूच्या खुणाही शिकतो: वस्तू, जागा, माणसं. नंतर नुसती खूण दिसली तरी तलफ येऊ शकते. नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कोकेनचं व्यसन असलेल्या १८ जणांना दोन व्हिडिओ दाखवले, एक निसर्गदृश्यांचा आणि दुसरा कोकेन घेण्याचा. दुसरा बघताना मेंदूच्या डॉर्सल स्ट्रायाटम या भागात डोपामिन वाढलं, आणि ज्यांच्यात ते जास्त वाढलं त्यांनी तलफही जास्त सांगितली. त्यांना पदार्थ दिलेला नव्हता, फक्त चित्रं होती. २००८ मध्ये ॲना रोझ चाइल्ड्रेस यांच्या गटाने तर कोकेनची चित्रं फक्त ३३ मिलिसेकंद दाखवली. बघणाऱ्याला ती जाणवतही नाहीत, तरी मेंदूच्या भावनांशी निगडित भागांत प्रतिसाद दिसला.

दोन्ही अभ्यास कोकेनवरचे आहेत, आपलं गाणं हेरॉइनबद्दल आहे. त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे लावू नका. पण सावध राहण्यापुरतं कारण पुरेसं आहे. तुमचं प्रदर्शन बघायला येणाऱ्यांत कुणीतरी महिनोन्महिने व्यसनापासून दूर राहिलेला असेल. सिरिंजचा क्लोज-अप बाकीच्यांना धक्का देईल, त्याला मात्र आमंत्रण ठरू शकतो. ज्याच्याबद्दल कळवळा दाखवायचा, त्यालाच इजा करायची का?

जोड्यांचा आराखडा

प्रत्येक दृश्याचे दोन फोटो घ्या, आधीचा आणि नंतरचा. एका जोडीत एकच गोष्ट बदलायची.

१. भिंतीवर टांगलेली गिटार / नुसता खिळा आणि भिंतीवरचा फिकट आकार.
२. जेवायला बसलेली दोन माणसं / एकच माणूस, समोर झाकून ठेवलेलं ताट.
३. मनगटावर घड्याळ / घड्याळाच्या जागी उरलेला फिकट पट्टा.
४. उघड्या दारात गप्पा मारणारे दोन मित्र / बंद दार, बाहेर ताटकळणारा एकटा मित्र.

जागा, कोन, लेन्स, प्रकाश सगळं तेच ठेवा. इथेच मोह होतो की दुसरा फोटो जरा काळोखा, निळसर करावा. करू नका! प्रेक्षक उदास झाला तर ते रिकाम्या खिळ्यामुळे की निळ्या प्रकाशामुळे, हे मग सांगता येणार नाही. प्रयोगात यालाच कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणतात.

आधी पायलट

चार-पाच ओळखीच्या लोकांना शीर्षक न सांगता फोटो दाखवा आणि फक्त विचारा, "काय झालं असेल?" कुणी म्हणेल चोरी, कुणी म्हणेल गरिबी, कुणी मृत्यू. म्हणजे फोटो वाईट आहेत असं नाही. आपल्याला जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का, हा व्हॅलिडिटीचा प्रश्न आहे. उपाय सोपा आहे: चारही जोड्यांत तोच माणूस ठेवा, आणि व्यसनाचा उल्लेख मालिकेच्या सुरुवातीच्या मजकुरात करा. एकेकट्या फोटोवर सगळा भार टाकू नका.

आणखी एक गोष्ट. हौस म्हणून मित्रांचं मत घेणं वेगळं, आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया संशोधनाचा डेटा म्हणून गोळा करणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी जरूर वाचा. बरे होत असलेल्या लोकांवर 'सहज बघू' म्हणून पायलट तर अजिबात नको.

रचलेलं आहे, हे सांगा

रचलेल्या फोटोंचा मोठा फायदा असा की कुठल्याही खऱ्या रुग्णाचा चेहरा कायमचा व्यसनाशी जोडला जात नाही. पण कलाकारालाही भूमिका कशाची आहे ते नीट सांगून लेखी संमती घ्या, आणि 'ही दृश्यं रचलेली आहेत' हे प्रदर्शनात स्पष्ट लिहा. रचलेलं दृश्य खरं म्हणून खपवणं आणि न केलेल्या प्रयोगाचा डेटा लिहिणं, यात मला फारसा फरक दिसत नाही.

शेवटी नुकसानावरच थांबायचं का, हेही ठरवा. व्यसनावर उपचार होतात, माणसं परत उभी राहतात. म्हणून मी पाचवं दृश्य ठेवेन, एकाच फोटोचं: तीच भिंत, तोच खिळा आणि त्याखाली टेकवलेली गिटारची बंद केस. ती सुद्धा त्याच प्रकाशात.