ज्येष्ठ नागरिकांचा परदेशप्रवास व वैद्यकीय विमा : पूर्वीपासूनच्या आजारांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची संख्या महाराष्ट्राच्या मध्यम शहरांतही लक्षणीय आहे. यांपैकी अनेकांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आजार आधीपासून असतात. अशा प्रवाशांनी घेतलेला प्रवास वैद्यकीय विमा प्रत्यक्षात कोणत्या खर्चाला संरक्षण देतो व कोणत्या खर्चाला देत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रवास विमा, पूर्वीपासूनचा आजार, प्रकटीकरण, उपमर्यादा, विमा लोकपाल.

१. प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शिक्षणसंस्था व औद्योगिक वसाहती यांच्या बळावर वाढलेले शहर होय. येथील महाविद्यालयांतून शिकलेली एक पिढी पुणे, बंगळूर या मार्गाने अमेरिका, कॅनडा, इंग्लंड व जर्मनी येथे पोहोचली. तिच्या मागोमाग आता आईवडिलांचा प्रवास सुरू झाला आहे. कधी नातवंडाचा जन्म, कधी मुलीचे बाळंतपण, तर कधी केवळ भेटीची ओढ हे त्याचे निमित्त असते. या प्रवासाची तयारी व्हिसा, तिकीट व लोणची-मसाल्यांच्या पिशव्या यांभोवती फिरते; विमा मात्र शेवटच्या आठवड्यात, बहुधा मुलानेच संकेतस्थळावर काही मिनिटांत काढलेला असतो. पॉलिसीतील अटी ज्याच्या शरीराला लागू होणार, त्याने त्या वाचलेल्या नसतात. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली आयुष्यभराची पुंजी परदेशातील एका आठवड्याच्या उपचारांत संपू शकते, हे लक्षात घेता हा विषय केवळ विमाशास्त्राच्या अभ्यासकांपुरता राहत नाही.

२. प्रवास वैद्यकीय विम्याचे स्वरूप

भारतात सर्वसाधारण विमा महामंडळाच्या काळात, १९८४ मध्ये, ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ पॉलिसी सुरू झाली. देशांतर्गत ‘मेडिक्लेम’ त्यानंतर १९८६ मध्ये आली. दोहोंच्या नावात साम्य असले तरी प्रकृतीत मूलभूत फरक आहे. देशांतर्गत आरोग्य विमा दरवर्षी नूतनीकरण होणारा, दीर्घ नात्याचा करार असतो. प्रवास विमा हा ठरावीक दिवसांचा करार असून त्याचा हेतू प्रवासात अकस्मात उद्भवलेल्या आजाराचा अथवा अपघाताचा खर्च भागवणे एवढाच असतो. नियमित तपासण्या, चालू औषधे, पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया त्यात बसत नाहीत.

या फरकाचा एक परिणाम बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ मध्ये आरोग्य विम्याचे नियम बदलले. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल ४८ महिन्यांवरून कमाल ३६ महिन्यांवर आला आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यास, फसवणुकीचा अपवाद वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. या सुधारणांचा लाभ कालावधीच्या सातत्यातून मिळतो. तीन वा सहा महिन्यांच्या प्रवास विम्यात असे सातत्य संभवतच नाही. “आमचा विमा पंधरा वर्षे जुना आहे” हे समाधान परदेशातील रुग्णालयात म्हणूनच उपयोगी पडत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी सुरू झालेल्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाचे पाच लाखांचे संरक्षणही भारतातील संलग्न रुग्णालयांपुरते आहे.

३. ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणजे काय?

देशांतर्गत विम्याच्या प्रचलित व्याख्येनुसार पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला, अथवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतला गेला असा आजार म्हणजे पूर्वीपासूनचा आजार. प्रवास विम्यात हा मागील काळ पॉलिसीनुसार बदलू शकतो. काही पॉलिसींत त्याला कालमर्यादाच नसते. म्हणून हा शब्द पॉलिसीत कसा बांधला आहे, हे प्रथम पाहावे लागते.

सामान्यतः तीन प्रकारच्या तरतुदी आढळतात. पहिल्या प्रकारात असे आजार व त्यांतून उद्भवणाऱ्या गुंतागुंती पूर्णपणे वगळलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात जीवघेण्या आणीबाणीच्या प्रसंगी रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च, तोही एका उपमर्यादेपर्यंत दिला जातो. तिसरा प्रकार अमेरिकेतील कंपन्या परदेशी पाहुण्यांसाठी विकतात त्या पॉलिसींत दिसतो. तेथे पूर्वीपासूनच्या आजाराने ‘अचानक उचल खाल्ल्यास’ संरक्षण मिळते. ‘अचानक’ या शब्दाला मात्र अटी असतात : पूर्वसूचना नसावी, त्रास हळूहळू वाढत आलेला नसावा आणि बहुधा २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. दोन दिवस छातीतील कळ अंगावर काढून तिसऱ्या दिवशी रुग्णालय गाठणारा रुग्ण या चौकटीतून निसटतो. ‘मुलांना उगाच त्रास नको’ ही आपल्याकडील वडीलधाऱ्यांची वृत्ती येथे आरोग्यालाही घातक ठरते आणि दाव्यालाही.

४. विमा रक्कम व प्रत्यक्ष भरपाई

पॉलिसीवर ठळक छापलेली रक्कम आणि प्रत्यक्ष मिळणारी रक्कम यांतील अंतर एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. अडुसष्ट वर्षांच्या मधुमेही प्रवाशाकडे १,००,००० डॉलरची पॉलिसी आहे. त्यात पूर्वीपासूनच्या आजाराच्या जीवघेण्या प्रसंगासाठी १०,००० डॉलरची उपमर्यादा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णालयाचे बिल ६०,००० डॉलर झाले. कंपनीने हा झटका मधुमेहाशी निगडित ठरवला, तर देय रक्कम अधिकाधिक १०,००० डॉलर. उर्वरित ५०,००० डॉलर कुटुंबाने द्यावयाचे. संबंध नसल्याचे मान्य झाले, तर वजावट सोडून जवळपास संपूर्ण बिल मिळू शकते. तात्पर्य, वाद आजाराच्या खरेपणाविषयी नसून दोन आजारांतील कार्यकारणसंबंधाविषयी असतो.

याखेरीज वयानुसार विमा रक्कम घटणे, साठीनंतर खोलीभाडे, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग यांवर स्वतंत्र मर्यादा असणे, ठरावीक रकमेच्या स्वस्त पॉलिसींत प्रत्येक बाबीला अल्प दर बांधलेला असणे, या बाबीही तपासल्या पाहिजेत.

५. देशागणिक भिन्न चौकट

युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तातडीचे उपचार, मायदेशी परत आणणे व मृत्यू या बाबी त्यात समाविष्ट असाव्या लागतात. परंतु व्हिसासाठी पुरेसा विमा आजारासाठी पुरेसा असतोच असे नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्ती नाही, आणि उपचार सर्वाधिक महाग तेथेच आहेत. १९८६ च्या कायद्यानुसार मेडिकेअरशी संलग्न रुग्णालयांनी आणीबाणीच्या रुग्णाला पैशाअभावी परत पाठवायचे नसते. तथापि बिल माफ होत नाही. इंग्लंडमध्ये अल्पकाळ भेटीस येणाऱ्यांना अपघात विभागातील प्राथमिक उपचार विनामूल्य असले तरी रुग्णालयात दाखल झाल्यावर राष्ट्रीय आरोग्य सेवा मूळ दराच्या १५० टक्के आकारणी करते. कॅनडाने आईवडील व आजी-आजोबांसाठी २०११ मध्ये ‘सुपर व्हिसा’ आणला. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्षाचा विमा लागतो. कॅनडातील अनेक पॉलिसींत आजार प्रवासापूर्वी ठरावीक काळ ‘स्थिर’ असण्याची अट असते. औषधाची मात्रा बदलली तरी ही स्थिरता भंगली असे मानले जाऊ शकते. निघण्यापूर्वी महिनाभर आधी गोळी बदलून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

६. प्रकटीकरणाचा प्रश्न

विमा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो. जुलै २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या मेडिक्लेम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार न कळवल्यामुळे दावा नाकारणे योग्य ठरवले. याची दुसरी बाजू ६ डिसेंबर २०२१ च्या निवाड्यात दिसते. युनायटेड इंडिया कंपनीची ओव्हरसीज मेडिक्लेम पॉलिसी घेऊन २००९ मध्ये अमेरिकेस गेलेल्या प्रवाशाला सॅन फ्रान्सिस्को येथे पोहोचताच हृदयविकाराचा झटका आला. मधुमेह त्याने प्रस्तावपत्रात नोंदवला होता आणि वैद्यकीय तपासणीही झाली होती. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा उल्लेख नाही, आजार पूर्वीपासूनचा आहे, या कारणांनी कंपनीने दावा नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीची बाजू मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. प्रकृतीची माहिती घेऊन, तपासणी करून पॉलिसी दिल्यानंतर त्याच नोंदवलेल्या आजाराचा आधार घेऊन दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दोन्ही निवाडे एकत्र वाचले असता बोध सरळ आहे. आजार सांगितल्याने हप्ता वाढेल, कदाचित काही बाबी वगळल्या जातील. परंतु सांगितलेला आजार हीच पुढे विमेदाराची बाजू ठरते. दडवलेला आजार मात्र परदेशी रुग्णालयातील पहिल्याच केस पेपरवर उघड होतो, कारण रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक डॉक्टरांना सर्व औषधे सांगतातच आणि सांगितलीच पाहिजेत.

७. व्यावहारिक सूचना

प्रस्तावपत्र मुलाने वा एजंटाने भरले तरी ज्येष्ठांनी ते स्वतः वाचून घ्यावे, कारण त्यातील विधानांची जबाबदारी त्यांचीच असते. सर्व आजार व औषधे, ‘किरकोळ’ वाटणाऱ्या गोळ्यांसह, नोंदवावीत. डॉक्टरांकडून औषधांची रासायनिक नावे असलेले पत्र घ्यावे. भारतीय कंपनीची पॉलिसी आणि गंतव्य देशातील पॉलिसी यांची तुलना विमा रकमेवरून न करता पूर्वीपासूनच्या आजाराच्या कलमावरून करावी. रुग्णालयात दाखल होताच सहायता क्रमांकावर कळवावे. मुक्काम लांबणार असल्यास मुदत संपण्यापूर्वी वाढ मागावी. मधल्या काळात झालेला आजार वाढीव मुदतीत ‘पूर्वीचा’ ठरू शकतो.

भारतीय कंपनीने दावा नाकारल्यास प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. त्यानंतर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. मराठवाड्यासाठी हे कार्यालय पुणे येथे असून ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालास आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येते. परदेशी कंपनीविरुद्ध हे मार्ग सहज उपलब्ध होत नाहीत, हाही निवडीचा एक निकष असावा.

८. समारोप

हज यात्रेकरूंची विमाने या शहराच्या चिकलठाणा विमानतळावरून सुटत आली आहेत; चारधाम, युरोप सहल आणि अमेरिकेतील नातवंडे यांच्याकडे जाणारेही वाढत आहेत. वृद्धापकाळ म्हणजे घरी बसण्याचा काळ, ही समजूत मागे पडली हे स्वागतार्हच होय. मधुमेह वा रक्तदाब असणे हे या वयात अपवादात्मक नाही. विमा पॉलिसी मात्र अद्याप त्याला अपवाद मानते. नियामकाने प्रवास विम्यातील या कलमाची भाषा सर्व कंपन्यांसाठी समान व सुबोध करावी, तसेच प्रस्तावपत्र मराठीसह प्रादेशिक भाषांत उपलब्ध व्हावे, अशी अपेक्षा आहे. तोपर्यंत वाणिज्य व समाजशास्त्र विभागांनी आपल्या निवृत्त सहकाऱ्यांसाठी पॉलिसी-वाचनाचे वर्ग घेतले, तर महाविद्यालयाच्या विस्तारकार्याला एक अर्थपूर्ण विषय मिळेल.